देव दिसतो का, ऐकू येतो का? आणि 'ऐकलं' म्हणणाऱ्याची पारख करायची कोणी?

वेशीबाहेरची

मी नगर जिल्ह्यातली, मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेली. "देव माझ्याशी बोलला" हे वाक्य आमच्याकडे दोन ठिकाणी हमखास कानावर पडतं. एक साक्षीच्या सभेत, आणि दुसरं घरात कुणाला चांगली चाललेली नोकरी सोडायची असली की. सभेत सगळे आमेन म्हणतात. घरात सासूबाई विचारतात, "नक्की काय म्हणाला?"

आमच्या बायबल स्टडीच्या ग्रुपवर सध्या यावरूनच जुंपली आहे. एका गटाच्या हातात योहान १:१८ आहे: देवाला कोणी कधीच पाहिलेलं नाही. त्याच्या जोडीला १ तीमथ्य ६:१६, त्याला कोणी पाहिलं नाही आणि कोणाला पाहता येणारही नाही. दुसरा गट निर्गम २४ उघडून बसलाय. तिथे मोशे, अहरोन, नादाब, अबीहू आणि इस्राएलाचे सत्तर वडील डोंगरावर चढतात आणि सरळ लिहिलंय की त्यांनी इस्राएलाच्या देवाला पाहिलं. पायांखाली नीलमण्यासारखी फरसबंदी होती, आकाशासारखी स्वच्छ. मग ते जेवले. हे जेवण मला फार आवडतं. देव पाहिल्यावर माणूस मरतो म्हणे, आणि हे पानावर बसले!

निर्गम ३३ मध्ये तर एकाच अध्यायात दोन्ही आहे. अकराव्या वचनात परमेश्वर मोशेशी मित्राशी बोलावं तसा समोरासमोर बोलतो. विसाव्यात तोच म्हणतो, माझं मुख तुला पाहता येणार नाही, मला पाहून कोणी जिवंत राहायचा नाही. मग खडकाची कपार, वर झाकलेला हात, आणि पाठ तेवढी दिसते.

या विसंगतीवर जुनी उत्तरं आहेत. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर, त्याने म्हटलं की जुन्या करारात दिसलेला तो पिता नव्हे, पुत्र, म्हणजे ख्रिस्त. पुढचा मोठा धर्मपंडित ऑगस्टीन, त्याला हे पुरेसं वाटलं नाही. पिता तेवढा अदृश्य आणि पुत्र मुळातच दृश्य असं धरलं तर पुत्र एक पायरी खाली जातो. त्याचं म्हणणं, दिसली ती देवाने त्या कामापुरती वापरलेली निर्मित रूपं. ही उत्तरं मला पटतात, पण ग्रुपवरचं भांडण त्यांनी मिटत नाही, कारण ते भांडण मुळात डोळ्यांवरून नाहीच.

बायबलातलं 'अनुवाद' हे पुस्तक, ४:१२ बघा. मोशे लोकांना आठवण देतो की होरेब डोंगराशी तुम्ही शब्दांचा आवाज ऐकलात, पण आकृती पाहिली नाहीत. पाहण्याला कुलूप, ऐकण्याचं दार उघडं. आणि पुढच्या दोन हजार वर्षांतली मोठी रणं त्या उघड्या दारातच माजली, असं माझं मत झालंय. ज्याला दर्शन झालं तो गप्प बसू शकतो. ज्याला आवाज आला तो बाकीच्यांना कामाला लावतो.

नमुना म्हणून ॲन हचिन्सन. अमेरिकेतली इंग्रज वसाहत मॅसॅच्युसेट्स, नोव्हेंबर १६३७. ही बाई घरी बायका-पुरुष जमवून प्रवचनांची चिरफाड करायची, म्हणून गव्हर्नर विन्थ्रॉपच्या न्यायसभेपुढे उभी केली. पहिला दिवस तिने भल्याभल्यांना निरुत्तर केलं. मग ती बोलून गेली की काही गोष्टी मला देवाने थेट कळवल्या. कसं कळलं तो देव होता? तिने उलट विचारलं, मुलाचा बळी दे असं सांगणारा देवच आहे हे अब्राहामाला कसं कळलं? डेप्युटी गव्हर्नर डडली म्हणाला, थेट वाणीने. ती म्हणाली, मलाही तसंच. झालं! तेवढ्यावर हद्दपारी पक्की.

त्या मंडळींचाही अब्राहामावर विश्वास होताच. त्यांना खुपलं ते त्यांच्या परवानगीवाचून आलेलं ऐकणं. म्हणून प्रश्न असा टाकते: देव ऐकू येतो हे मान्य केलं, तर ऐकणाऱ्याची पारख कोणी करायची?

अट एकच. वचन द्यायचं तर संदर्भासकट द्या, 'बायबलमध्ये कुठेतरी आहे' चालणार नाही.

कुपारी_गडी

ताई, झकास धागा. वसईहून हजेरी.

आमच्याकडे याची व्यवस्था लावून ठेवलेली आहे, लोकांना आवडो न आवडो. देवाला जे सांगायचं होतं ते ख्रिस्तात सांगून झालं, त्यात आता भर पडत नाही. त्यानंतर कुणाला दर्शन झालं, वाणी झाली, तर ते 'खासगी प्रकटीकरण'. चर्चने मान्यता दिली तरी ते श्रद्धेच्या ठेव्यात जमा होत नाही. फ्रान्समधल्या लूर्दला पवित्र मरिया दिसली म्हणतात, त्या लूर्दच्या मातेवर आमच्या आजीचा केवढा जीव! पण लूर्दची घटना न मानणारा माणूस कॅथलिक राहतोच.

लूर्दची चौकशी कशी झाली तेही बघा. बर्नादेत चौदा वर्षांची, दम्याने बेजार, लिहावाचायला येत नाही. फेब्रुवारी ते जुलै १८५८ मध्ये अठरा वेळा तिला ती स्त्री दिसली. पोलीस कमिशनरने दरडावलं, गावच्या फादरांनी फटकारलं. तार्बच्या बिशपांनी आयोग नेमला आणि मान्यता जाहीर केली जानेवारी १८६२ मध्ये. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले. आता बिशप साधारणपणे 'हे अलौकिकच आहे' असं जाहीर करत नाहीत, फार तर 'आक्षेपार्ह काही नाही' एवढं म्हणतात. सरकारी खात्याच्या ना-हरकत दाखल्यासारखं!

आणि हो, दर्शनांबद्दल सगळ्यात कडक कोण बोललं, तर स्वतः गूढवादी संत. क्रूसाचा संत योहान, सोळाव्या शतकातला, कार्मेलाईट संघाचा स्पॅनिश संन्यासी. तो म्हणतो, दर्शनं आणि वाण्या यांच्यामागे लागूच नका, खऱ्या असल्या तरीही. देवाने पुत्राच्या रूपाने सगळं एकदाच बोलून टाकलंय, आता आणखी काही माग म्हणजे त्या पुत्रावरून नजर काढणं.

तिरकस

मी पक्का नास्तिक, तरी वाचतोय. त्या निर्गम २४ चा पुढचा भाग कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. देव पाहून जेवलेल्या मंडळींत अहरोन होता ना? मग मोशे चाळीस दिवस डोंगरावर राहिला, लोकांनी कटकट केली, आणि सोन्याचं वासरू ओतलं कोणी? अहरोननेच! निर्गम ३२.

म्हणजे प्रत्यक्ष पाहून दोन महिनेसुद्धा टिकलं नाही. मग दिसतो की नाही यावर डोकी कशाला फोडायची? तुमच्याच ग्रंथाप्रमाणे दिसून उपयोग नाही.

वेशीबाहेरची

@तिरकस, हे आमच्या ग्रुपवर अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. चोरते.

चंद्रभागातीरी

मी वारकरी घरातला, म्हणून थोडं बाहेरून विचारतो. आम्हाला पाहण्याची अडचणच नाही. आषाढीला माणूस विटेवरच्या मूर्तीपुढे क्षणभर उभा राहतो आणि 'दर्शन झालं' म्हणतो. कुणी दाखला मागत नाही. तुमच्याकडे एवढी मनाई, आणि चर्चमध्ये क्रूसावरच्या येशूची मूर्ती, घरात चित्रं. हे कसं?

कुपारी_गडी

दादा, हा आमच्या घरातलाच जुना तंटा आहे. आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनी चित्रं फोडायला काढली. दमास्कसच्या योहानाने उत्तर दिलं की निराकाराचं चित्र मीही काढत नाही. पण तो देह धरून माणसांत वावरला, जो दिसला त्याचं काढतो. ७८७ ला निकीयाच्या परिषदेत हेच ठरलं: मान द्यायचा, पण भक्ती चित्राची नाही. प्रोटेस्टंट बांधवांनी पुन्हा भिंती पांढऱ्या केल्या तो भाग वेगळा. ;)

वेशीबाहेरची

@चंद्रभागातीरी, मराठी ख्रिस्ती माणसाला तुमची बाजू परकी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण फरक आहे तो आहेच. योहान १४ मध्ये फिलिप्प म्हणतो, आम्हाला पिता दाखव म्हणजे झालं. येशू म्हणतो, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. म्हणजे पाहायचं ते एका ठरावीक माणसात, एका ठरावीक काळी. आणि आपण त्या काळात नव्हतो. आमच्या सगळ्या धडपडीचं मूळ तिथे आहे.

वाळवंटी

कुवेतहून. इथे माझ्या ऑफिसात एक इजिप्तचे कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चचे, सहकारी आहेत. त्यांच्याकडून कळलेली गोष्ट सांगतो, नंतर मी ती वाचूनही काढली. या वादातली ही मला सगळ्यात जिव्हारी लागणारी वाटते.

साल ३९९. अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस दरवर्षीसारखं सणाचं पत्र पाठवतो आणि त्यात ठणकावतो की देवाला शरीर नाही, हातपाय-डोळे नाहीत, तसं मानणं पाखंड आहे. इजिप्तच्या वाळवंटातले साधे संन्यासी हादरले. उत्पत्तीत लिहिलंय देवाने आपल्या प्रतिरूपात माणूस केला, म्हणजे त्याला रूप असणारच, अशी त्यांची समजूत. स्केतीच्या मठांपैकी एकाच ठिकाणी ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं.

तिथे सेरापियन नावाचा म्हातारा साधू होता. आयुष्य कडक तपात गेलेलं. त्याला समजावायला कप्पदुकियाहून आलेला एक विद्वान डीकन बसला, पुरावे दिले, आणि म्हाताऱ्याला पटलं. सगळ्यांना आनंद झाला, आभाराची प्रार्थना करायला सगळे उभे राहिले. आणि सेरापियन प्रार्थनेला उभा राहिला तर त्याला प्रार्थना करता येईना. इतकी वर्षं ज्या मुखाशी बोलायचा ते मुखच समोर नव्हतं. तो जमिनीवर कोसळून रडू लागला की त्यांनी माझा देव नेला, आता कुणाला धरू, कुणाला हाक मारू, मला कळत नाही. त्या काळचा साधू जॉन कॅसियन, त्याने हे लिहून ठेवलंय.

शास्त्र डीकनचं बरोबर होतं. पण त्या दिवशी म्हाताऱ्याचं जे झालं त्याचं काय, हे कुठल्या परिषदेने ठरवलेलं नाही.

शेपूट आणखी मजेदार. चिडलेले साधू जथ्थ्याने अलेक्झांड्रियात बिशपच्या दारात आले, मारायच्याच तयारीत. थिओफिलस काय म्हणाला? "तुम्हाला पाहून मला देवाचं मुख पाहिल्यासारखं वाटतं." साधू खूश. आणि मग त्याने बाजू बदलली. देवाला शरीर नाही हे काल ज्यांचं म्हणणं पत्रात लिहिलं होतं त्यांच्याच मागे लागला.

शाळामास्तर

@वाळवंटी, थिओफिलस बेरकी खरा, पण वाक्य त्याचं नव्हे. उत्पत्ती ३३:१० मध्ये याकोब एसावाला हेच म्हणतो. आदल्या रात्री याकोब यब्बोकच्या उताराजवळ झुंजला, पहाटे म्हणाला मी देवाला तोंडोतोंड पाहिलं तरी माझा जीव वाचला, जागेचं नाव पनीएल ठेवलं. आणि दिवस उजाडल्यावर ज्याला फसवलं होतं, जो चारशे माणसं घेऊन येत होता, त्या भावाचं तोंड पाहून पुन्हा तेच. रविवारच्या शाळेत आम्ही झुंज शिकवतो, कारण पोरांना कुस्ती आवडते. भावाची भेट राहून जाते.

पोथीतला_किडा

पूर्वेकडच्या चर्चचं नाव निघालंच आहे तर ग्रेगरी पलामास शिवाय पुढे जाऊ नका. चौदावं शतक, ग्रीसमधला मठांचा अथोस पर्वत. पलामास तिथलाच साधू. तिथले साधू हनुवटी छातीला टेकवून, श्वास धरून-सोडून 'प्रभु येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर' हा जप करत आणि म्हणत, आम्हाला प्रकाश दिसतो, येशूचं रूप पालटून तेजस्वी झालं तेव्हा ताबोर डोंगरावर शिष्यांनी पाहिला तोच. इटलीकडून आलेला बारलाम हसला. त्याने त्यांना 'बेंबीत आत्मा असणारे' असं नाव ठेवलं. म्हणाला, दिसतो तो प्रकाश एक तर निर्मित वस्तू आहे, नाही तर भ्रम.

पलामासचं उत्तर असं: देवाचं सार कोणालाच, कधीच दिसणार नाही, स्वर्गातही नाही. पण त्याच्या शक्ती, त्याचं तेज, हेही देवच आहे, निर्मित नव्हे, आणि ते माणसाला शरीरासकट भेटू शकतं. १३४१ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याची बाजू घेतली, १३५१ ला ते कायमचं झालं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास पश्चिमेत उलटं चाललं होतं. पोप बाविसावा जॉन १३३१ मध्ये अविन्योंला प्रवचनात म्हणाला की धार्मिकांच्या आत्म्यांनाही न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं दर्शन नाही. पॅरिसचे पंडित खवळले. १३३४ च्या डिसेंबरात मरणाच्या आदल्या दिवशी त्याने ते मागे घेतलं, आणि १३३६ ला पुढच्या पोपने, बाराव्या बेनेडिक्टने जाहीर केलं की शुद्ध झालेले आत्मे देवाचं सारच, मध्ये काहीही न येता, पाहतात. म्हणजे पूर्वेने आज दिसतो म्हटलं पण सार कधीच नाही, आणि पश्चिमेने सार दिसेल म्हटलं पण मेल्यावर. ताईंचं 'कुलूप' पश्चिमेला लागू पडतं, पूर्वेला नाही.

वेशीबाहेरची

@किडा, पूर्वेच्या बाबतीत मान्य. पण तिथेही पारख कोणी केली? परिषदेने. आणि साधूंना गुरूशिवाय हा जप करू नका अशी ताकीद आहेच की.

हालेलुया_पिंपरी

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथे सगळे इतिहास सांगतायत, जिवंत देवाबद्दल कोणीच नाही! इंग्लंडातल्या प्रोटेस्टंटांनी वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात १६४६ ला लिहून टाकलं की देव आपली इच्छा पूर्वी ज्या रीतींनी कळवायचा त्या आता बंद झाल्या. कोणत्या वचनाच्या आधारे? प्रेषितांची कृत्ये २:१७ वाचा. पेत्र म्हणतो, तुमचे मुलगे आणि मुली संदेश देतील, तरुणांना दृष्टान्त होतील. शेवटच्या प्रेषिताबरोबर आत्म्याने तोंड मिटलं असं तिथे नाही.

लांब कशाला, केडगावला चला. जून १९०५, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा. वेल्समध्ये जागृती झाल्याची बातमी आली, मुली पहाटे प्रार्थनेला जमू लागल्या. मिशनरी मिनी एब्रॅम्स तिथे होत्या, त्यांनी लिहिलंय: रात्री एका मुलीवर आत्मा उतरला, शेजारची मुलगी जागी झाली तर हिच्याभोवती जाळ! ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तोच लक्षात आलं की ही जळत नाहीय. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून सगळे सांगतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या आधी, १९०६ च्या आधी, आपल्या पुणे जिल्ह्यात!

तिरकस

बादली आणणारी मुलगी मला सगळ्यात विश्वासार्ह वाटते. कुणाला तरी आग दिसली तर करायचं ते तिने केलं.

वेशीबाहेरची

@हालेलुया_पिंपरी, रमाबाई तर माझ्या प्रश्नाच्या मधोमध उभ्या आहेत. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून खडाजंगी. चर्च सांगेल तो अर्थ मान, असा आग्रह एकीकडे. रमाबाईंचं उत्तर, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली, आता दुसऱ्याच्या जोखडात घालणार नाही. बायबल स्वतः वाचीन, आणि देवाला पटेल ते करीन. आणि वीस-बावीस वर्षांनी त्याच बाई केडगावला अशा जागी होत्या की शेकडो मुली ओरडून प्रार्थना करतायत, रडतायत, बाहेरचे गोरे मिशनरी नाकं मुरडतायत, आणि पारख करायची रमाबाईंनी. त्यांनी ते दडपलं नाही. ज्यांची स्वतःची पारख लोकांनी भारंभार केली होती त्यांनी ते दडपलं नाही, याला मी महत्त्व देते.

मायेची_सावली

मला एक सांगायचंय, पण मंडळीचं नाव विचारू नका.

माझ्या आत्याला मधुमेह, इन्सुलिन चालू. तिच्या प्रार्थना गटातल्या पाळकांनी सभेत डोक्यावर हात ठेवून सांगितलं, देव मला दाखवतोय की तू बरी झालीस, सुई हा अविश्वास आहे. आत्याने फ्रिजच्या दारातल्या इन्सुलिनच्या बाटल्या काढून बेसिनमध्ये ओतल्या. रिकाम्या बाटल्या मात्र टाकल्या नाहीत, पुढच्या सभेत साक्ष देताना दाखवायला धुऊन ठेवल्या. आयसीयूत नेलं तेव्हा साखर मशीनवर नुसतं 'हाय' दाखवत होती. वाचली. नंतर पाळक भेटायला आले आणि म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडला.

देव बोलतो की नाही मला माहीत नाही. पण देवाने मला *तुझ्याबद्दल* सांगितलं, असं म्हणणाऱ्या माणसाला मी आता घरात घेत नाही.

हालेलुया_पिंपरी

ताई, वाचून वाईट वाटलं. त्या पाळकांनी केलं ते आमच्याच शास्त्राविरुद्ध आहे. १ करिंथ १४:२९: संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. १ थेस्सलनीका ५ मध्ये आत्म्याला विझवू नका, संदेश तुच्छ मानू नका, आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा. लोक एकोणिसाव्या वचनावर थांबतात, एकविसाव्यापर्यंत जात नाहीत. आमच्या मंडळीत औषध बंद कर म्हणायला सक्त बंदी आहे, वडीलजनांनी ठराव करून वाचून दाखवलाय.

मनोवैद्य

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. दोन-तीन मुद्दे, धर्माबद्दल मत न देता.

आवाज ऐकू येणं म्हणजे लगेच आजार नव्हे. १९७१ मध्ये डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं. जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती, काहींनी पाहिलं, काहींनी ऐकलं. बहुतेकांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या करिस्मॅटिक, म्हणजे देव आजही थेट बोलतो मानणाऱ्या, मंडळ्यांत वर्षानुवर्षं बसून पाहिलं. तिथले लोक मनात येणाऱ्या विचारांपैकी देवाचा कोणता हे ओळखायला शिकतात, सरावाने. कानांनी स्पष्ट ऐकल्याचे प्रसंग विरळ, थोडक्या शब्दांचे, आणि सहसा न घाबरवणारे. आजारात येणारे आवाज वारंवार, लांबलचक आणि बहुधा छळणारे असतात. पण त्यातही जागेप्रमाणे फरक पडतो. त्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या रुग्णांशी बोलून पाहिलं. चेन्नईत पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज, घरकाम सांगणारे. अक्रात पुष्कळांना देवाचा.

माझ्या खोलीत मी आवाज कुणाचा हे विचारत बसत नाही. काय करायला सांगतो, न ऐकल्यास काय होतं, झोप-जेवण कसं आहे, हे विचारतो. इजा करायला, औषध सोडायला सांगणारा आवाज असेल तर देव-सैतानाची चर्चा नंतर, आधी दवाखाना.

तिरकस

मनोवैद्यांना +१.

पण पिंपरीकर, 'इतरांनी पारख करावी' यातले इतर कोण? त्याच सभेत आमेन म्हणणारेच ना? सावलीताईंच्या आत्याच्या गटातही इतर होतेच.

कुपारी_गडी

म्हणूनच बाहेरची चौकशी लागते, साहेब. बिशप, डॉक्टर, कागदपत्रं.

वेशीबाहेरची

@कुपारी_गडी, बाहेरच्या चौकशीची हमी मी नाही घेणार. फ्रान्समधलं रूआं, १४३१. संतांचे आवाज ऐकणारी झान द आर्क, आपली जोन ऑफ आर्क, तिच्यापुढे बसलेले सगळे पदवीधर, पॅरिस विद्यापीठाची मंडळी. तिला विचारलं, संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का? ती म्हणाली, इंग्रजांच्या बाजूची नाही तर इंग्रजीत कशाला बोलेल? संत मिखाएल दिसला तेव्हा नग्न होता का? तर म्हणाली, त्याला कपडे द्यायला देवाकडे नाहीत असं वाटतं का तुम्हाला? एकोणीस वर्षांची, सही जेमतेम येणारी पोर. ३० मे ला जाळली. १४५६ मध्ये त्याच चर्चने निकाल रद्द केला, १९२० ला संत केलं. चौकशीचे कागद उत्तम आहेत, शब्दन्‌शब्द आहे. पण न्यायाधीश इंग्रजांच्या पैशांवर बसले होते.

आतले पारखतात तर आमेन, बाहेरचे पारखतात तर सरपण. मला खरंच उत्तर सापडत नाहीय.

शाळामास्तर

उत्तर नाही, पण एक प्रसंग पुढे ठेवतो. रविवारच्या शाळेत सगळ्यांनी केलेला आहे आणि अर्धाच केलेला आहे. १ शमुवेल ३.

पहिल्याच वचनात आहे की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. पोरगं मंदिरात झोपलंय, हाक येते, ते उठून एलीकडे धावतं. एली म्हातारा, डोळे गेलेले. दोनदा म्हणतो मी नाही बोलावलं, जा झोप. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं. ध्यानात घ्या, ऐकू शमुवेलला येतंय, पण तो देव आहे हे कळतंय एलीला. तो सांगतो, पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. नाटक बसवताना आमचा पडदा इथे पडतो. पोर गोड दिसतं, पालक टाळ्या वाजवतात.

पुढे काय आहे? देव जे बोलला ते एलीच्याच विरुद्ध होतं. एलीच्या मुलांनी मंदिरात धिंगाणा घातला, याला माहीत असून आवरलं नाही, आता घराण्याचा निकाल लागला. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, उठून मंदिराची दारं उघडतो, आणि सांगायला घाबरतो. एली त्याला बोलावतो आणि शपथ घालतो, एक शब्द लपवू नकोस. सगळं ऐकून म्हणतो, तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो.

तिरकस, तुमच्या 'इतर कोण' ला एवढंच म्हणेन. एली हुद्देदार होता, भ्रष्ट घरातला होता, त्याच्याविरुद्धच संदेश होता, आणि त्याने लेकराला खोटं पाडलं नाही. विन्थ्रॉप, रूआंचे पंडित, सावलीताईंच्या आत्याचे पाळक, यांना या मापाने मोजा. निकाल आपल्याला महाग पडत असताना जो 'हो, हा देवच' म्हणतो त्याची पारख मी धरतो. आणि जो आवाज बोलणाऱ्याच्याच फायद्याचा निघतो, त्याच्यावर पहिला संशय.

तिरकस

माप चांगलं आहे. नास्तिकालाही वापरता येईल. पण मास्तर, यात एक गोम आहे. या मापाने तुम्ही आवाज खोटा ठरवू शकता, खरा ठरवू शकत नाही. आपल्याच नुकसानीचे आवाज ऐकणारे मनोवैद्यांकडे रांगेत असतील.

मनोवैद्य

असतात.

शाळामास्तर

खरं ठरवायचं काम माझ्याकडे नाहीच. योहान १२ मध्ये आकाशातून वाणी होते, तर उभ्या लोकांतले काही म्हणतात ढग गडगडले, काही म्हणतात देवदूत बोलला. येशू त्या गडगडाट म्हणणाऱ्यांना रागावलेला नाही.

हालेलुया_पिंपरी

पण वाणी झाली होती, मास्तर! हे सोडू नका.

शाळामास्तर

सोडत नाही. मी त्या गर्दीत कुठे असतो ते मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

वेशीबाहेरची

एलीचा दुसरा अर्धा भाग मी ग्रुपवर टाकलाय, सोबत तिरकस यांचं सोन्याचं वासरूही. आतापर्यंत दोघांनी अंगठा दिलाय, आणि आमच्या पाळकांनी लिहिलंय, "या रविवारी शास्त्रवाचन १ शमुवेल ३, पूर्ण अध्याय." सासूबाई पुढच्या बाकावर बसतात. तिथे काही पेटलं तर सोमवारी इथे लिहीन.

कुपारी_गडी

बादली तयार ठेवा.